साइटवर सुतार पेन्सिलीला टोक कसं काढतात: पटाशी, कटर, पॉलिश पेपर आणि बाकी सगळं

प्रश्न थोडक्यात असा आहे. एक जण सुट्टीच्या दिवशी घरी प्लायचं कपाट करतोय. शाळेच्या शार्पनरने पेन्सिलीला छान अणकुचीदार टोक काढतो, पण प्लायवर दोन रेघा मारल्या की एकतर टोक तुटतं नाहीतर बोथट होतं. मग साइटवरचे सुतार दिवसभर एकाच पेन्सिलीवर कसं भागवतात, ते पटाशीने (लाकूड तासायची सपाट धारेची छिन्नी) टोक काढतात ते बरोबर का, आणि हार्डवेअरच्या दुकानात ती चपटी पेन्सिल मिळते ती घ्यावी का?

मी पुण्यात फर्निचरची कामं घेतो. सुतारकी घरातलीच, वडील कोकणात घरांची कामं करायचे, म्हणजे वासे, रिपा, दारं-खिडक्या, आणि त्यांच्या हाताखाली मला पहिलं काम मिळालं ते पेन्सिली तासून ठेवायचं. हल्लीच्या पोरांना सगळी मशीनं चालवता येतात आणि चांगली येतात, पण पेन्सिलीकडे कोणी बघत नाही, आणि मापाच्या बऱ्याच चुका तिथेच जन्माला येतात असं माझं ठाम मत आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी हे डोक्यातून काढा की चांगलं टोक म्हणजे सुईसारखं टोक. ते कागदासाठी. प्लायचा वरचा पापुद्रा खरखरीत असतो, त्याचे रेषे एका दिशेने धावतात आणि त्यांना आडवी रेघ मारली की बारीक गोल टोक प्रत्येक रेष्याला अडखळत जातं. शिसं एका बिंदूवर झिजतं, त्यामुळे दोन फुटांची रेघ सुरू होते बारीक आणि संपते जाड, आणि जोर दिला की तुटतंच. सुतार टोक काढतो ते पटाशीच्या धारेसारखं. दोन बाजू रुंद आणि सपाट, समोर पातळ कड. ही कड रेघेच्याच दिशेत धरून ओढायची, म्हणजे झीज सगळ्या कडेवर वाटली जाते आणि रेघ शेवटपर्यंत बारीक राहते. दिवसभर एक पेन्सिल पुरते ती यामुळे, आणि अधूनमधून दोन-चार घासे मारून ती कड ताजी करत राहतात म्हणून.

रेघ बारीक कशाला हवी तेही बघा. आपल्याकडे अजून इंच आणि सूत चालतं, 1 इंचात 8 सूत, म्हणजे 1 सूत हे 3 एमएमपेक्षा थोडं जास्त. बोथट पेन्सिलीची रेघ सहज एक-दीड एमएम जाड येते, म्हणजे जवळजवळ अर्धा सूत गेला रेघेतच. आता कपाटात ड्रॉवर असेल आणि त्याला टेलिस्कोपिक चॅनल (ड्रॉवर ज्यावर सरकतो ती धातूची पट्टी) लावणार असाल तर चॅनलला दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच, 12.7 एमएम जागा लागते, म्हणून आपण ड्रॉवर आतल्या मापापेक्षा 26 एमएमने कमी करतो. म्हणजे हातात सूट उरते जेमतेम अर्ध्या एमएमची. तिथे एका फळीचं मार्किंग रेघेच्या बाहेरून कापलं आणि दुसऱ्याचं आतून, तर ड्रॉवर एकतर आत जात नाही नाहीतर खडखडतो, मग लोक चॅनलला शिव्या देतात. रेघ बारीक असेल तर पातं तिच्या कुठल्या बाजूला चालवायचं हे ठरवता येतं, रेघ ठेवायची की खायची. जाड रेघेत ते ठरवताच येत नाही.

आता टोक काढायचं कसं. पटाशीपासून सुरुवात करतो कारण प्रश्न त्याचाच आहे, आणि हो, बरोबर आहे, पण पद्धत आहे. वेस्टेजचा एक प्लायचा तुकडा टेबलावर किंवा घोडीवर ठेवा, मांडीवर नाही. पेन्सिल डाव्या हातात, टोक आपल्यापासून लांब, त्या तुकड्यावर टेकवलेलं, म्हणजे पटाशी सटकली तरी ती प्लायमध्ये जाईल. टोकापासून साधारण 20-25 एमएम मागे पटाशीची सपाट बाजू पेन्सिलीवर टेकवा, उतार वर. उजव्या हाताने नुसतं धरायचं आणि दिशा द्यायची, ढकलायचं डाव्या अंगठ्याने, पटाशीच्या पाठीवर अंगठा ठेवून. पातळ साल निघाली पाहिजे, आरपार दिसेल इतकी. जाड ढलपी निघतेय म्हणजे पटाशी उभी धरलीय, अशाने शिशापाशी पोचलात की ते आतून मोडणार. चार-पाच सालं एका बाजूची, मग पेन्सिल उलटी करून तेवढीच दुसऱ्या बाजूची, मग राहिलेल्या अरुंद बाजू नुसत्या उघड्या करायच्या. शिसं 5-6 एमएम बाहेर काढलं की थांबा. जास्त काढलं की दिसायला छान दिसतं, पण टेकवल्याबरोबर जातं.

आणि लाकूड संपलं की पटाशी बाजूला ठेवायची, शिसं पटाशीने तासायचं नाही. पेन्सिलीत नुसतं ग्राफाइट नसतं, त्यात माती मिसळून भाजलेली असते, ही पद्धत फ्रान्समध्ये कोंते नावाच्या माणसाने 1795 साली काढली आणि आजपर्यंत तीच चालू आहे. माती जास्त तेवढी पेन्सिल कडक. आणि ही भाजलेली माती धारेला खाते. ज्या पटाशीने तुम्ही सागवानाचं कूस-भोक (एका लाकडाची जीभ दुसऱ्याच्या भोकात बसवायचा सांधा) साफ करणार त्या पटाशीने शिसं तासलं तर संध्याकाळी धारेवर बारीक दाते पडलेले नखाला लागतात. वडिलांच्या पेटीत एक जुनी अर्ध्या इंचाची पटाशी होती, झिजून आखूड झालेली, पेन्सिल, गोंदाचे थर, खिळ्याजवळचं काम सगळं तिच्यावर, आणि चांगल्या पटाशीने कोणी पेन्सिल तासताना दिसलं तर ते हातातून काढून घ्यायचे. माझ्या साइटवरही तोच नियम आहे. जुनी एक वेगळी ठेवा.

वडील स्वतः मात्र बहुतेक वेळा वाकस, म्हणजे आडव्या पात्याची छोटी कुऱ्हाड, वापरायचे. मुठीत दांडा नाही तर पात्याच्या अगदी जवळ धरायचे, दुसऱ्या हातात पेन्सिल, आणि तीन-चार हलक्या ओढीत दोन्ही बाजू सपाट. ज्याच्या हातात वाकस बसलाय त्यानेच करावं, घरी शिकायला घेतलेल्याने नको.

हल्ली साइटवर सगळ्यात जास्त चालतो तो कटर, तो मोडत्या पात्याचा, कारण एज बँड (प्लायच्या कडेला चिकटवायची पट्टी) साफ करायला, टेप कापायला तो सगळ्यांच्या खिशात असतोच. 18 एमएमचा जाड पात्याचा घ्या, 9 एमएमचं पातं वाकतं आणि वाकलं की कुठे जाईल सांगता येत नाही. एकच खण बाहेर काढायचा, लॉक करायचा. इथेही कटर ढकलायचा नाही, पेन्सिल धरलेल्या हाताच्या अंगठ्याने पात्याच्या पाठीवर दाब द्यायचा आणि शक्यतो पेन्सिल मागे ओढायची. कटरवाला हात जागेवर, हलतेय ती पेन्सिल. हे एकदा हाताला लागलं की बघायचीही गरज पडत नाही. साइटवर बोटं कापलेली मी बघतो ती बहुतेक हवेत पेन्सिल धरून कटर जोरात पुढे सारणाऱ्यांची असतात.

जुने मिस्त्री तुटलेल्या हॅक्सॉ ब्लेडचा तुकडा ठेवतात, साइटवर त्याला एक्साब्लेडच म्हणतात. ग्राइंडरवर एका बाजूने धार काढलेली, मागे इन्सुलेशन टेप गुंडाळलेली. फुकटातलं आहे, कडक पोलाद असतं, धार टिकते. ग्राइंडरवर धार काढताना मात्र पातं निळं पडू देऊ नका, पाण्यात बुडवत बुडवत करा.

रंध्यावरही करतात. रंधा उलटा धरून पातं वर, अगदी केसाएवढं बाहेर काढलेलं, आणि पेन्सिल तळावर सपाट ठेवून त्यावरून ओढायची. यात बाजू इतकी सरळ निघते की कुठल्याच पद्धतीत तशी निघत नाही, पण बोटं पात्याच्या अगदी वर येतात, म्हणून पेन्सिल लांब असेपर्यंतच, आणि अर्थात शिशाच्या आधी थांबायचं. पॉवर प्लेनरवर हे कोणी करत असेल तर त्याला तिथेच थांबवा.

शिशासाठी पॉलिश पेपर, म्हणजे सँडपेपर. 120 किंवा 150 नंबर, 80 फार खरखरीत पडतो आणि शिशाचे टवके काढतो. वीतभर लांबीची प्लायची पट्टी घ्या, फेव्हिकॉलने पेपर चिकटवा, एका टोकाला भोक पाडून टेबलाशी टांगून ठेवा. पेन्सिल तिच्यावर आडवी, जवळजवळ झोपवून, एका बाजूला दहा-बारा घासे, तेवढेच दुसऱ्या बाजूला, आणि शेवटी कडेचं अगदी टोक एकदा हलकं टेकवायचं. हे शेवटचं टेकवणं महत्त्वाचं, नाहीतर कड इतकी पातळ असते की पहिल्याच रेघेला तिचा चुरा होतो. ही पट्टी फक्त पेन्सिलीची. त्याच पेपरने चुकून सागवान किंवा व्हाइट अॅशचं विनियर (प्लायवर चिकटवायचा लाकडाचा पातळ पापुद्रा) घासलंत तर ग्राफाइट रेष्यात भरतं, आणि सीलरचा ब्रश फिरला की करडा डाग पसरतो, तो मग थिनरच्या फडक्याने पुसाल तर आणखी आत जातो. बोटांचंही तेच, टोक काढलं की हात पँटला पुसा, पांढऱ्या सनमायकाला नाही.

यातलं काहीच हाताशी नसेल, स्टूलवर उभे असाल, तर सिमेंटचा गिलावा, टाइलची मागची बाजू, विटेचा तुकडा, सगळं चालतं. शिसं उघडं असेल तर गिलाव्यावर चार घासे मारून कड परत येते. क्लायंटच्या रंगवलेल्या भिंतीवर करू नका एवढंच.

आता मला खरं सांगायचंय ते हे, की टोक कसं काढायचं हे रेघ कुठली मारायचीय त्यावर ठरतं, सगळ्या कामाला एकच टोक चालत नाही. गुण्याला (काटकोन बघायचं हत्यार) किंवा पट्टीला लावून रेघ मारायची असेल तर दोन्ही बाजूंनी उतार असलेलं टोक पट्टीच्या कडेपासून थोडं लांब चालतं, कारण शिसं मध्यभागी आहे आणि पेन्सिलीची जाडी मध्ये येते. म्हणून मी गुण्यासाठीच्या पेन्सिलीला एकाच बाजूने उतार देतो, दुसरी बाजू शिशापर्यंत सपाट. ती सपाट बाजू गुण्याला चिकटवली की रेघ बरोबर कडेला येते, पेन्सिल तिरकी करायची गरज नाही, आणि तिरकी केली नाही की प्रत्येक रेघ सारखीच येते. टेपवरून माप घेताना रेघ मारायची नाही, बाणासारखी खूण करायची, दोन छोट्या रेघा एका बिंदूत मिळालेल्या. नुसती आडवी टीक मारली तर ती तिरकी पडते आणि मग तिचं कुठलं टोक खरं ते कळत नाही.

भिंतीला कपाट चिकटवताना वेगळीच पेन्सिल लागते. आपल्या भिंती सरळ नसतात, गिलावा कुठे फुगलेला कुठे खोल, तेव्हा बाजूची पट्टी भिंतीला लावून भिंतीचा आकार तिच्यावर उतरवून घ्यावा लागतो. यासाठी एका पेन्सिलीची एक पूर्ण बाजू रंध्यावर घासून शिसं जवळजवळ उघडं होईल इतकी पातळ करतो. ती बाजू भिंतीला टेकवून खाली ओढली की रेघ भिंतीच्या अगदी लगत येते. फट मोठी असेल तर साधी पेन्सिल एका ठोकळ्यावर ठेवून ठोकळा भिंतीवरून सरकवायचा, सगळीकडे सारखं अंतर राहतं. आणि कूस-भोक किंवा डव्हटेल (पाचरीसारख्या दातांचा सांधा) असेल तर पेन्सिल नकोच, मार्किंगची सुरी किंवा खतकस, म्हणजे कडेपासून ठरावीक अंतरावर रेघ ओरखडायचं हत्यार. सुरीची रेघ रेषे कापते, पटाशी तिथे आपोआप बसते, पेन्सिल फक्त ती चिरी दिसावी म्हणून नंतर वरून फिरवायची.

कुठली पेन्सिल, तर प्लाय आणि सागवानाला एचबी पुरते. 2 एच वगैरे कडक पेन्सिल बारीक रेघ देते खरी, पण लाकडात चर पाडते, रबराने रेघ जाते आणि चर राहतो, पॉलिश झाल्यावर उजेडात तो दिसतो. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात जुलैमध्ये, लाकूड दमट असतं आणि एचबी त्यावर घसरते, रंगच उमटत नाही, तेव्हा 2 बी घ्या. छपराच्या लाकडांना वडील पेन्सिल वापरतच नसत, दोरीला गेरू लावून, ती ताणून लाकडावर रेघ उमटवायचे, ओल्या लाकडावर तेच दिसतं. गडद सनमायकावर पांढरी पेन्सिल किंवा मास्किंग टेप लावून त्यावर साधी. बॉलपेन कुठल्याही लाकडावर नको, शाई पॉलिशमध्ये फुटून वर येते.

चपटी पेन्सिल घ्या, जरूर घ्या. साइटवर बहुतेक जण साधी नटराज किंवा अप्सराच वापरतात कारण ती कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते, आणि तिचं लाकूड मऊ असतं, या पेन्सिलींना लागणारं पोपलर बरंचसं काश्मीरमध्ये पुलवामाच्या बाजूने येतं, ते कटरखाली छान निघतं. तिलाही चपटं टोक काढता येतंच. पण चपट्या पेन्सिलीचं शिसंच रुंद पट्टीसारखं असतं, त्यामुळे कड जास्त टिकते, आणि उतारावर ठेवली तर गडगडत नाही. छपरावर काम करणाऱ्यांना याचं महत्त्व विचारा. जर्मनीत 17व्या शतकातल्या एका घराच्या छपरात सुताराची राहून गेलेली पेन्सिल सापडली, आज माहीत असलेल्या सगळ्यात जुन्या पेन्सिलींत ती धरतात आणि फाबर-कास्टेलच्या संग्रहात ती आहे. मला ही गोष्ट फार आवडते. चपट्या पेन्सिलीसाठी फिरत्या तोंडाचा प्लास्टिकचा शार्पनरही येतो, पण तो टोक गोलसर करून टाकतो, म्हणजे रुंद शिशाचा फायदाच गेला, आणि प्लायच्या भुशाने लवकर चोंदतो. पैसे वाचवा.

टोक सारखं तुटत असेल आणि तासताना शिशाचे तुकडे सुटून पडत असतील तर दोष तुमच्या हाताचा नसेलही. पेन्सिल वरून फरशीवर पडली की शिसं आतल्या आत तडकतं, बाहेरून काही दिसत नाही. अशी पेन्सिल एक-दीड इंच तासून बघा, तरी तेच झालं तर ती फक्त नंबर लिहायला ठेवा. म्हणूनच मी पोरांना सांगतो की पेन्सिल कानावर ठेवा किंवा छातीच्या खिशात, शिडीच्या पायरीवर नाही. बोटभर उरलेला तुकडा पण टाकू नका, कपाटाच्या आत जिथे हात जेमतेम जातो तिथे स्क्रूची भोकं उतरवून घ्यायला तोच कामी येतो.

तर तुमच्या कपाटासाठी असं करा. कामाला बसायच्या आधी चार पेन्सिली तासून घ्या, दोन्ही बाजूंनी उताराच्या दोन, गुण्यासाठी एकाच बाजूच्या उताराची एक, आणि एक मुद्दाम बोथट. बोथटने प्रत्येक फळीवर मोठ्या अक्षरात लिहायचं, डावी, उजवी, वर, पुढची कड कुठली, आणि लिहायचं ते सनमायका चिकटणार त्याच बाजूला, म्हणजे पुसायची भानगड नाही. पॉलिश पेपरची पट्टी उजव्या हाताला टांगा आणि कापायची रेघ मारायच्या आधी प्रत्येक वेळी दोन घासे मारायची सवय लावा, रेघ जाड व्हायची वाट बघू नका.